पहिल्या रांगेतली खुर्ची

जुन्या खुनांचा नाद असलेल्या लोकांचं आमचं संमेलन तसं लहानसंच. ज्या खुनावर चर्चा, त्यात मेलेल्या माणसासाठी पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेवायची, हा आमचा शिरस्ता. यंदाचा विषय काकांनी सुचवलेला, भाषणही त्यांचंच. मशीनवर शिवत बसलेल्या एका बाईचा कुणीतरी मागून गळा आवळला होता. खुनी सापडलाच नाही.

दुपारी वहिनींनी आणि मी सभागृहात खुर्च्या मांडल्या. माइक जोडून वळलो, तर त्या बाईची खुर्ची दाराकडे तोंड करून होती.

"वहिनी, चेष्टा पुरे हं."

"मला काय दुसरे उद्योग नाहीत?" त्या लांब, स्टुलावर उभ्या राहून पडदा अडकवत होत्या.

मी खुर्ची सरळ केली. पाठ वळते न वळते तोच फरशीवर लाकूड घासल्याचा आवाज आला. खुर्ची पुन्हा दाराकडे. तेवढ्यात दार उघडून काका आत आले.

"झकास जमवलंय की!" म्हणत ते खिडकीपाशी गेले. लाकूड घासलं. खुर्ची आता खिडकीकडे बघत होती. वहिनी स्टुलावरून उतरल्या आणि त्यांनी माझं मनगट गच्च धरलं.

काका व्यासपीठावर चढले. पुन्हा तोच आवाज. खुर्ची त्यांच्यासमोर आली, आम्ही मांडली होती तश्शी.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. दचकले नाहीत. रुमालाने सावकाश चष्मा पुसला.

"तिला पाठमोरी बसव रे," ते म्हणाले. "माझ्याकडे तोंड नको. तेव्हाही नव्हतं."