पदकाची कड

सासूबाईंचं खो-खोचं चांदीचं पदक मोबाइलमध्ये धड येईना. दर फोटोत पांढरा झगझगाट तरी, नाहीतर माझाच हात. त्यांच्या जुन्या खो-खो क्लबच्या स्मरणिकेसाठी फोटो आजच पाठवायचा होता आणि बाळ कधीही उठलं असतं.

“आई, चिंच लावून इतकं कशाला घासलंत? नुसतं चमकतंय, अक्षरं दिसतच नाहीत.”

“मग काळंकुट्ट पाठवू? बरोबरच्या पोरी हसतील मला!”

शेवटी बाळाचं पांढरं दुपटं खिडकीला टांगलं. ऊन त्यातून गाळून आलं, मऊ झालं आणि पदकावर त्यांचं माहेरचं नाव स्पष्ट उमटलं. त्या कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. मला मात्र कडेला बारीक खड्डे दिसले.

“हे कसले?”

“तुझ्या नवऱ्याचे दात!” त्या हसल्या. “हिरड्या सळसळायच्या, सारखा रडायचा. चांदी गार लागते म्हणून हेच द्यायचे चघळायला. तो झाला आणि खेळ सुटला, पदक तरी कुठं मिरवणार होते?”

“फोटोतून घालवू ते खड्डे? येतं मला.”

त्यांनी पदकाकडे पाहिलं, मग पाळण्याकडे.

“नको गं. ती कडच जरा जवळून घे.”