न दिसणारा शेजारी

दुपारच्या शांततेत आईच्या हातून पेन्सिल टपकन पडली, लेकीची झोप मोडली. "पुन्हा तुझे डोंगर?" डोळे चोळत, आईसमोरच्या आलेखाकडे बघत लेक मांडीवर चढली. चार वर्षांनी प्रयोगशाळेत परतल्यापासून रेणूतल्या अणूंची मांडणी दाखवणाऱ्या एनएमआरच्या आलेखांनी आईचा घाम काढला होता. कालच तिथले सर डाफरले होते, "अहो बाई, हायड्रोजनची रेघ दुभंगलीय, म्हणजे शेजारी कुणीतरी आहे! शेजारचा फ्लोरिन अणू या आलेखात दिसत नाही, म्हणून तो नाहीच का?" आलेखावर बोट ठेवून लेकीने विचारलं, "हा डोंगर मधोमध का फाटला?" "शेजारी कुणीतरी आहे, राणी." "मला तर दिसत नाही." "नाहीच दिसत. भेगेवरून कळतं." लेक नेहमीसारखी मांडीच्या कडेला सरकली. जुळ्यांतली ती एकटीच दवाखान्यातून घरी आली होती. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. आईने तिला मधोमध ओढलं. ती पुन्हा सरकली. मोकळ्या जागेवर हात ठेवून म्हणाली, "आई, माझ्या शेजारी कोण होतं गं?"