आदिनाथचा उजवा हात

डॉक्टर मोनिकांनी मनगटावर विजेचा हलकासा झटका दिला, तसा आदिनाथचा अंगठा टुणकन उडाला. नसा तपासायच्या यंत्राच्या पडद्यावर एक लाट उठली आणि विरून गेली.

दाराशी उभ्या असलेल्या सविताला राहवेना. हात बरा होऊन कामाला आला का, हे तिने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा डॉक्टरांनी तिला बाहेर बसायला सांगितलं.

जाताजाता ती नवऱ्याला म्हणाली, "घाबरू नका. हात आला की टेम्पोची किल्ली तुमच्या हवाली. मी सुटले."

आदिनाथ कोल्हारचा. पेरूचा टेम्पो भरून नगरच्या बाजारात आणायचा. उन्हाळ्यात बोटांना मुंग्या यायला लागल्या, स्टेअरिंग हातातून निसटायला लागलं. मनगटात नस दबली होती. तेव्हापासून हाताला पट्टा आणि टेम्पो सविताकडे. बाजारात लोक चिडवायचे, आदिनाथशेठनी ड्रायव्हर ठेवलीय म्हणे. घरी त्याची आई रंगुबाई देवाला रोज एकच मागायची, लेकाचा हात येऊ दे, सुनेची वणवण थांबू दे.

आता डॉक्टरांनी अंगठ्याखालच्या स्नायूत बारीक सुई टोचली. तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा यंत्रातून आवाज आला. अंगठा जोरात उचलून धरा, असं त्या म्हणाल्या. त्याने तो जेमतेम हलवला.

"आणखी जोर लावा."

"लागत न्हाई."

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्या हसल्या. जोर लागत नाही असं नव्हे, तुम्हीच लावत नाही, म्हणाल्या. नस छान मोकळी झालीय. उद्यापासून खुशाल टेम्पो चालवा.

आदिनाथचा चेहरा उतरला. दाराकडे नजर टाकून त्याने हळूच विचारलं, अजून चार-सहा महिने आराम लागेल, असं तिला सांगता येईल का?

डॉक्टरांचं हसू मावळलं. बायको उन्हातान्हात राबणार आणि धडधाकट गडी शेजारी बसून राहणार, असल्या खोट्यात आपण नाही, असं त्यांनी त्याला स्पष्ट सुनावलं.



"लग्नात नाव घे म्हणलं, तर तिच्या तोंडून शब्द फुटला न्हवता, मॅडम," तो म्हणाला. "आता गाडी चालवताना नदीच्या पुलावर आली की ओव्या गाती. सोताच जुळवलेल्या. मी शेजारी बसून ऐकतो. हात बरा झाला कळलं, की ती किल्ली माझ्या हातात दील, आन् गप बसंल."