उलटे पाइप

ट्रॅक्टरच्या मागच्या पात्याला हायड्रॉलिकचं तेल पुरवणारे दोन पाइप बाबांनी वीस वर्षांपूर्वी घाईत उलटे जोडले, ते तसेच राहिले. दांडा मागे ओढला की पातं वर जायला हवं, पण यांचं खाली यायचं. "जग उलटं चालतं, मी सरळ," असं म्हणत त्यांनी शेकडो रस्ते सपाट केले.

अलीकडे ते विसरू लागले होते. एखाद्या दिवशी कुणाच्या तरी जिवावर बेतेल, या धास्तीनं आई रोज मागे लागायची, "आता पुरे करा." त्यांचं उत्तर ठरलेलं, "ज्या दिवशी माझा हात चुकेल, त्या दिवशी आपण होऊन उतरेन."

रविवारी ते झोपलेले असताना त्यांच्या मेकॅनिक मुलानं हौसेनं पाइप सरळ जोडून दिले. सांगायचं तेवढं राहून गेलं.

सोमवारी बाबा पांढऱ्याफटक चेहऱ्यानं घरी आले आणि त्यांनी ट्रॅक्टरची किल्ली मुलाच्या हातात दिली. "पातं उचलायला गेलो तर खाली आपटलं रे. तीनदा. तुझी आई खरं सांगत होती."

"बाबा, अहो, ते पाइप..." मुलाच्या अगदी ओठांवर आलं होतं.


पण कित्येक महिन्यांनी आईनं सोडलेला मोकळा श्वास त्यानं ऐकला, आणि किल्ली मुकाट्यानं खिशात टाकली.