कडेला बसलेले

समुद्रकाठच्या हिलो गावच्या तीन परसांतील कुजक्या पेरूंमधून नोहेयाने सूक्ष्म कृमी आणले होते. प्रत्येक परसातील शंभर कृमी एकेका बशीत आणि बशीच्या मध्यभागी खाद्य म्हणून रोगकारक जीवाणूंचा थर. जो वाण अधिक दिवस तगेल तो जपावा, बाकीचे फेकून द्यावेत, असा प्रयोगशाळेचा दंडक होता. आजोबांच्या, म्हणजे तिच्या टुटूंच्या, परसातील वाण सर्वांत दुर्बळ ठरला, तेव्हा तिने जड अंतःकरणाने त्यांना दूरध्वनी केला.

"काय गं, माझी जनावरं काय म्हणतात?"

"टुटू, चार दिवसांत मेली. दुसऱ्या परसांतली सहा दिवस तगली."

"शंभरच्या शंभर मेली?"

"नाही, चाळीस. बाकीची थर सोडून बशीच्या कडेला उपाशी बसलीत. जीवाणू खाल्लेच नाहीत, तर त्यांना आम्ही मोजत नाही."

"पण जिवंत आहेत ना?"

"आहेत. पळपुटी आहेत नुसती! त्यांची पिल्लंसुद्धा तशीच पळतात."

टुटू खो खो हसले. "अगं, समुद्राची मोठी लाट आली त्या वर्षी भोंगा वाजल्याबरोबर मी डोंगराकडे धूम ठोकली होती. माझे दोघे भाऊ लाट बघायला किनाऱ्यावर थांबले. मला ओरडून म्हणाले, 'पळपुट्या!'"

त्या दोघा भावांना नोहेयाने आजवर केवळ भिंतीवरील छायाचित्रात पाहिले होते.

फेकण्यासाठी बाजूला काढलेली बशी तिने परत उचलली आणि कडेपासून मोजण्यास आरंभ केला.