डाव्या चाकाचा दिवा

पायलट नोरीन हॅस्लेटचं पत्र अकरा वर्षं हत्यारांच्या पेटीत, अगदी खालच्या खणात पडून होतं. एल्विन पॅस्को ते उघडून बघत नसे, पण पाना काढताना ते तिथे आहे हे त्याला रोज ठाऊक असे. पत्रात एकच प्रश्न होता. 'ते विमान तू कधी भर दुपारी तपासलंस का?' त्यानं उत्तर दिलं नव्हतं.

आज समोर जॅकवर दुसरं विमान होतं आणि तक्रार तीच. उतरण्याआधी चाकं खाली सोडली की तीन हिरवे दिवे लागायला हवेत. डावा कधी लागतो, कधी लागत नाही. मग पायलटनं धावपट्टीवरून घिरट्या घालायच्या, खालून कुणीतरी मान वर करून चाक बाहेर आलंय का ते सांगायचं, आणि जीव मुठीत धरून उतरायचं. पायलट डॅरिल मंडीनं महिन्यात तीनदा हे लिहून दिलं होतं.

एल्विननं दोनदा विमान तपासलं होतं, पहाटे पाचला. विंटनमध्ये जानेवारीच्या भर उन्हाळ्यात सगळे तेव्हाच काम करतात. दहानंतर पत्र्याला हात लागला तर कातडी निघते. दोन्ही वेळा तिन्ही दिवे लागले. दोन्ही वेळा त्यानं नोंदवहीत लिहिलं, 'तपासले. दोष आढळला नाही.' खाली सही केली. आज तिसरी वेळ. आजही तिन्ही लागले.

"लागले ना?" ट्रूडी म्हणाली. विमानं कुठे आणि कधी जायची ते तीच ठरवायची. "मग कर सही. साडेदहाला मला हे विमान हवंय. बूलियाला दोन माणसं आणि कुणाची तरी कवळी वाट बघतेय."

डॅरिल उलट्या खोक्यावर बसला होता. "आणि माझं काय?"

"तू परवा ब्रिस्बेनला जायचंस. डोळे, कान, डोकं, सगळं तपासून घ्यायचं. मग उड्डाणाची परीक्षा नव्यानं."

"डोकं रिकामं निघालं तर?"

"तर तुला माझ्या खुर्चीत बसवतील." मग ती जरा हळू बोलली. "नोरीनचंही असंच झालं होतं, डॅरिल. तीनदा तक्रार, यंत्रात काही नाही. ती गेली आणि तो दिवा पुन्हा कधी बिघडला नाही. काय समजायचं ते समज."

डॅरिलनं मान खाली घातली. त्याच्या दोन्ही तळव्यांना घाम आला होता. तो पँटला पुसत होता.

नोरीनचे हातही परीक्षेत थरथरले होते. एकोणीस वर्षं विमान उडवलेल्या बाईचे. तिला पुन्हा परवाना मिळाला नाही.

एल्विननं पेन उघडलं. पुन्हा टोपण लावलं.

"दोनपर्यंत थांब," तो म्हणाला.

"कशाला?"

"विमान उन्हात उभं करू. दोनला आत ओढून पुन्हा बघू."

"म्हाताऱ्या, मार्चमध्ये निवृत्त होतोयस. आता कुठली हौस आली?"

एल्विन विमान जॅकवरून खाली घ्यायला लागला. ट्रूडी शिव्या देत बूलियाला फोन करायला गेली.

दोन वाजता तिघांनी हाताला फडकी गुंडाळून विमान आत ढकललं. जॅक लावले. चाकं पोटात घेतली, खाली सोडली. दोन दिवे लागले. डावा लागला नाही. पुन्हा एकदा केलं. डावा नाहीच.

एल्विन वाकला. कंबर धरली तरी वाकला. डाव्या चाकाच्या खोबणीत त्यानं हात घातला, आणि तो सरळ मागच्या कोपऱ्यातल्या एका तारेच्या जोडावर गेला. जोड चटका बसण्याइतका तापला होता. त्यानं तो दोन बोटांत दाबला.

"लागला," डॅरिल आतून म्हणाला.

एल्विननं जोड सोडला.

"गेला."

ट्रूडीनं वाकून तो जोड पाहिला. "डॅरिल, ब्रिस्बेनचं तिकीट रद्द कर. तुझं डोकं जसं आहे तसंच राहू दे." मग एल्विनकडे वळली. "हे तुला सुचलं कसं?"

"मला नाही. नोरीनला सुचलं होतं."

त्यानं नोंदवहीत सगळं लिहिलं. कुठला जोड, किती वाजता, किती उष्णता. मग कपाटातून नोरीनच्या जुन्या विमानाची नोंदवही काढली. ते विमान केव्हाच मोडीत निघालं होतं. अकरा वर्षांपूर्वीचं एक पान शोधायला त्याला वेळ लागला नाही. त्यावर एकच ओळ होती. 'डाव्या चाकाची जुनी तार बदलली.' का बदलली, ते लिहिलेलं नव्हतं. खाली त्याचीच सही. त्यानं त्या पानाच्या दोन प्रती काढल्या आणि न लिहिलेलं कारण दोन्हींवर लिहिलं.

एक प्रत परवाने देणाऱ्या कचेरीच्या पाकिटात गेली. तिच्यासोबत त्यानं विमानं तपासायचा स्वतःचा परवाना ठेवला. दुसरी नोरीनच्या पाकिटात. टपालाची गाडी चारला निघते. तो चालत गेला, उन्हातून, टोपी न घेता. दोन्ही पाकिटं त्यानं लाल पेटीत टाकली.

नोरीनच्या पाकिटात तिचंच पत्र परत चाललं होतं. तिच्या प्रश्नाखाली त्यानं लिहिलं होतं, 'हो. हे पत्र आलं त्याच दुपारी. दिवा लागला नव्हता.'