प्रेत कुणाच्या विहिरीत

एका जुन्या कृष्णधवल रहस्यपटात चिकलठाण्यातला देवेशचा बंगला खुनाचा बंगला म्हणून दिसतो, हे कुणीतरी शोधून काढलं आणि दर रविवारी लोक तिथं फोटो काढायला येऊ लागले. गाड्या मात्र शेजारच्या सोमनाथरावांच्या दारात लावायचे.

"खून त्यांच्या घरात झालाय, जीव तुमचा का जातोय?" बायको म्हणायची. तरी मागं कुठंतरी आपलंही घर दिसेल म्हणून सोमनाथराव तो सिनेमा थांबवून थांबवून बघत राहिले. सातव्या खेपेला घावलं एकदाचं. खुनी प्रेत टाकतो ती विहीर त्यांच्याच अंगणातली होती, लाकडी रहाटासकट. त्यांनी त्या दृश्याचा फोटो लगेच कॉलनीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "खून कुठंबी होऊ द्या, प्रेत आमच्याच विहिरीत हाय."

संध्याकाळपर्यंत लाइकच्या अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला. मग ग्रुपवरच देवेशचा निरोप आला.



"लई भारी शोधलंत, काका. पण सिनेमात ही विहीर आपल्या दोघांमधल्या भिंतीच्या आमच्या बाजूला आहे. भिंत ओलांडून तुमच्याकडं कधी आली?"